‘असे ते पुढे म्हणाले’ : प्रेसनोटचं एक वाचन

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

आज ज्या लेखनप्रकाराबद्दल बोलायचं आहे, त्याचं पुस्तक तुमच्यापैकी कुणी विकत घेतलेलं नसणार. तरी तो तुम्ही रोज वाचता. आज सकाळीही वाचला असेल. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वर ‘वाणिज्य प्रतिनिधी’ असं लिहिलेलं, खाली दोन-तीन परिच्छेद. अमुक कंपनीने तमुक सुरू केलं, तिचे अधिकारी त्याबद्दल काय बोलले, आणि शेवटी ‘असे ते पुढे म्हणाले’. हा मजकूर पुष्कळदा त्या प्रतिनिधीने लिहिलेला नसतो आणि ‘ते’ तसं म्हणालेलेही नसतात. तो जनसंपर्क संस्थेतल्या कुणीतरी लिहिलेला असतो. आणि हे कुणीतरी म्हणजे अनेकदा विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला, अजून स्वतःचं टेबलही न मिळालेला इंटर्न असतो.

हे काम आम्ही केलेलं आहे. २००९ साली मराठी घेऊन एम.ए. झालेले आम्ही चौघं मुंबईतल्या एका जनसंपर्क संस्थेत एकाच महिन्यात चिकटलो. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. महिना सहा हजार, त्यात पास आणि डबा. करी रोडला उतरायचं, पुलावरून चालत जायचं, आणि जिथे एकेकाळी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर बसायचं. तेव्हा आम्हाला वाटलं, आपण लेखक म्हणून लागलो. (हशा) हसा, पण मराठीच्या विद्यार्थ्याला लिहिण्याचे पैसे मिळणार, हे कमी नव्हतं हो.

तर आजचं बोलणं म्हणजे त्या प्रेसनोटची समीक्षा. कवितेची करतो तशीच. शब्द बघायचे, वाक्य बघायचं, आणि त्यात कोण बोलतंय ते बघायचं.

आधी नावच घेऊ. जनसंपर्क. आपल्याकडे हा शब्द दोन ठिकाणी पाटीवर दिसतो. एक, आमदाराचं किंवा नगरसेवकाचं जनसंपर्क कार्यालय. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, कुणी रेशनकार्डासाठी आलेलं असतं, कुणी शाळेच्या प्रवेशासाठी, कुणी नुसतंच भांडायला. त्या कार्यालयाबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण तिथे जन येतात. दुसरी पाटी आमच्या मजल्यावर होती, इंग्रजीत. तिथे वर्षभरात एकही जन आला नाही. चहावाला सोडून. आमचा संपर्क होता तो वर्तमानपत्रांच्या डेस्कशी, आणि तोही बराचसा एकतर्फी. पहिल्या दिवशी आमच्या हातात एक यादी दिली, मीडिया लिस्ट. दीडशे नावं, दीडशे नंबर. काम काय, तर फोन करून विचारायचं, ‘सर, प्रेसनोट मिळाली का?’ संध्याकाळी सहानंतर फोन केला की पलीकडून जे ऐकायला मिळायचं ते इथे सांगण्यासारखं नाही. पानं लावायची वेळ ती. पण ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, शिव्या खाऊनच कळलं.

आणि श्रीलिपी. जुन्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा अजून बरीच मराठी वर्तमानपत्रं युनिकोडवर आलेली नव्हती. आपण पाठवलेला मजकूर पलीकडे नुसते चौकोन होऊन उघडायचा. मग तोच दुसऱ्या फाँटमध्ये, आणि खबरदारी म्हणून त्याचं चित्रही. निम्मा दिवस त्यात जायचा.

मराठी प्रेसनोट ही मराठीत जन्मत नाही, हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळलं. आधी इंग्रजीत लिहितात, ती गिऱ्हाइकाकडून मंजूर होऊन येते, मग मराठीवाल्या इंटर्नकडे. वेळ अर्धा तास. मूळ वाक्य हलवायचं नाही, कारण ते मंजूर झालेलं आहे. म्हणून मग ‘आम्हाला हे जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे’. आता बघा, मराठी माणसाला आनंद झाला तर तो ‘जाहीर करताना’ होतो का? तो बातमीने होतो. मुलगी पास झाली, याचा आनंद. पास झाली हे जाहीर करण्याचा नव्हे. पण प्रेसनोटमधला आनंद नेहमी जाहीर करण्याचा असतो. गंमत म्हणजे त्या परभाषेच्या ठशाच्या वाक्यात प्रेसनोटबद्दलचं सत्यच सांडलेलं आहे. तिथे खरी घटना जाहीर होणं हीच असते.

‘अग्रगण्य’ हा शब्दही घ्या. आमच्या एका महिन्याच्या कामात अग्रगण्य नसलेली एकही कंपनी आली नाही. सगळेच पुढे मोजले जाणारे, तर मागे कोण? आम्ही एकदा भोळेपणाने विचारलं की कशात अग्रगण्य, ते लिहायचं का. आमच्या वरिष्ठ बाई चांगल्या होत्या, त्यांनी खरं उत्तर दिलं. म्हणाल्या, ‘अगं, ते विशेषण नाहीये, ते आडनाव आहे.’ इतकं नेमकं भाषाविज्ञान आम्हाला दोन वर्षांच्या एम.ए.त कुणी शिकवलं नव्हतं.

पण विशेषणं ही वरवरची गोष्ट. त्यांची चेष्टा कुणीही करतो, स्वतः पीआरवालेही करतात. खरा प्रकार आहे कर्त्याचा. चांगली बातमी असली की वाक्याला कर्ता असतो, ठळक, नाव-पदासकट. ‘कंपनीने पाचशे झाडे लावली.’ झाडं मजुरांनी लावलेली असतात, पण ते असो. वाईट बातमी आली की कर्ता उठून जातो. ‘उत्पादन थांबविण्यात आले.’ ‘मनुष्यबळाची पुनर्रचना करण्यात येत आहे.’ ‘काही ग्राहकांची गैरसोय झाली.’ कुणी थांबवलं? कुणी केली? मराठीतली ही ‘-ण्यात आले’ची रचना आपल्याला सरकारी परिपत्रकांनी दिली. रस्त्यावरचा ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हा फलक तिचाच भाऊ, तिथेही क्षमा कोण मागतंय ते लिहिलेलं नसतं. जनसंपर्काने ही रचना सरकारकडून उसनी घेतली. सरकार ती सरसकट वापरतं, चांगल्याला आणि वाईटाला. बिचारं सरकार निदान पक्षपात करत नाही. प्रेसनोट ती निवडून वापरते. आमच्या मते या लेखनप्रकाराचं व्याकरण एवढ्यात आलं. कर्ता कधी बसवायचा आणि कधी उठवायचा.

आता आजच्या शीर्षकाकडे येतो.

प्रेसनोटच्या तिसऱ्या परिच्छेदात अवतरण असतं. मोठ्या पदावरच्या माणसाचं. इंटर्नला सांगतात, ‘एक कोट टाक.’ टाक! भाजीत मीठ टाकावं तसं. ज्याच्या तोंडी ते घालायचं त्या माणसाला आपण पाहिलेलं नसतं, त्याचा आवाज ऐकलेला नसतो. तो मराठी बोलतो की नाही हेही माहीत नसतं. पण बाविसाव्या वर्षी आपण त्याच्या वतीने लिहितो की ‘समाजाचं देणं लागतो ही आमची भूमिका राहिली आहे’. ते मंजूर होतं. खरं म्हणजे बहुतेकदा कुणी वाचतही नाही.

नाटककारही पात्राच्या तोंडी संवाद घालतो, मग फरक काय? फरक असा की नाटकाच्या प्रेक्षकाला माहीत असतं, हे नाटक आहे. तो तिकीट काढून आलेला असतो. वर्तमानपत्राच्या वाचकाने ते बातमीसाठी घेतलेलं असतं. आणि दुसरं, नाटककाराचं नाव जाहिरातीत असतं. इथे लेखक कुणालाच दिसत नाही आणि ज्याचं नाव दिसतं त्याने लिहिलेलं नसतं. भाषणं लिहून देणारी माणसं जगभर आहेत, हेही मान्य. पण तिथे नेता निदान उभा राहून ते शब्द उच्चारतो, घशातून काढतो, चुकला तर लोक त्याला धरतात. प्रेसनोटमधलं वाक्य कुणाच्याच घशातून गेलेलं नसतं.

आमच्यातली एक होती, तिचं उदाहरण सांगतो. तिची परवानगी घेतली आहे. नाव नको म्हणाली. एका कंपनीने एका तालुक्याच्या गावातलं युनिट बंद करायचं ठरवलं. प्रेसनोट आली, मथळ्यात ‘एकत्रीकरण’ असा शब्द. माणसं किती जाणार, हा आकडा कुठेच नव्हता. आमच्या मैत्रिणीला मराठी करायला सांगितलं, आणि मराठी वर्तमानपत्रांसाठी ‘जरा भावनिक’ कोट टाक म्हणाले, इंग्रजीतला फार कोरडा होता. मराठी वाचक भावनिक असतो असा तिथे पक्का समज. तिने लिहिलं, ‘आमचे कामगार हे आमचे कुटुंब आहे आणि कुटुंबातील कोणालाही आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही.’ चांगलं वाक्य आहे. लय आहे त्याला. तीन दैनिकांनी जसंच्या तसं छापलं.

तिचे वडील सांगली जिल्ह्यात, निवृत्त शिक्षक. मुलीने सांगितलं होतं, आज आमच्या कामाची बातमी येणार आहे. त्यांनी ती कापून वहीत चिकटवली आणि रात्री फोनवर म्हणाले, ‘साहेब माणूस मोठा दिसतो गं. युनिट बंद करतोय, पण बोलणं बघ कसं माणसाचं आहे.’

ती काही बोलली नाही. ते वाक्य आपलं आहे, असं वडिलांना सांगायचं कसं? पहिल्यांदा तिचं काहीतरी छापून आलं होतं, वडिलांना ते आवडलं होतं, आणि ते कबूल करणं म्हणजे वडिलांच्या साहेबाला त्यांच्या डोळ्यांदेखत खोटं पाडणं. चार-सहा दिवसांनी एका स्थानिक बातमीदाराचा तिलाच फोन आला, की बाई, कुटुंबातले किती जण जाणार आहेत तेवढं सांगा. तिने विचारून सांगते म्हटलं. वरून उत्तर आलं, ‘पुढे काही बोलायचं नाही.’ म्हणजे बोलायचं होतं ते तिच्याकडून बोलवून झालं होतं.

आम्ही हे तिला दोष द्यायला सांगत नाही, त्या कंपनीला झोडपायलाही नाही. चौघांपैकी कुणालाही ते काम आलं असतं तर आम्ही तसंच वाक्य लिहिलं असतं, कदाचित याहून रडकं. आम्हाला दाखवायचं आहे ते हे, की विद्यापीठातून बाहेर पडताना तुमच्याकडे जी एकच कमाई असते, वाक्य लिहिण्याची, ती इथे पहिल्याच महिन्यात तुमच्यापासून सोडवून घेतली जाते. आणि तीही कौतुक करून. ‘छान लिहितेस.’

इथे थोडं इतिहासात जाऊ, फार नाही. हा प्रकार सुरू झाला अमेरिकेत आणि सुरुवात अगदीच वाईट नव्हती. आयव्ही ली नावाचा गृहस्थ, मूळचा वार्ताहर. १९०६ साली कोळसा खाणमालकांचं काम करताना त्याने संपादकांना एक जाहीरनामा पाठवला. त्याचा आशय असा : आम्ही छुपी प्रचारसंस्था नाही, काम उघड करतो, आणि आमचा मजकूर जाहिरातीचा वाटला तर वापरू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात गेली, पन्नासहून अधिक माणसं मेली. लीने बातमीदारांना घटनास्थळी नेलं आणि रेल्वे कंपनीच्या वतीने निवेदन काढलं. पहिली प्रेसनोट म्हणून अभ्यासक्रमात हिचंच नाव येतं. म्हणजे बघा, या प्रकाराचा पाठ्यपुस्तकी जन्मच मुळी वाईट बातमी लपवायची नाही, या कल्पनेतून झालेला.

ती कल्पना किती टिकली? आठ वर्षं. १९१४ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोत लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका-मुलांसह वीसच्या आसपास माणसं गेली. रॉकफेलरांच्या बाजूने पत्रकं काढायला ली हजर. त्यांत संपाच्या पुढाऱ्यांच्या मिळकतीचे फुगवलेले आकडे होते. पुढे सरकारी आयोगाने विचारलं, की तुम्ही स्वतः खरंखोटं पडताळलं का. नाही, असंच त्याला सांगावं लागलं. जे कंपनीने दिलं ते छापलं. मंजूर होऊन आलेलं वाक्य हलवायचं नाही, हा नियम बहुधा तिथूनच आलेला असावा.

दुसरा माणूस एडवर्ड बर्नेज, फ्रॉइडचा भाचा. त्याचं ‘प्रॉपगंडा’ हे १९२८ चं पुस्तक आमच्या कचेरीत कपाटात होतं, कुणी वाचलेलं नसावं. त्याची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती १९२९ च्या ईस्टरची. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर मिरवणुकीत तरुण मुली सिगरेटी शिलगावतात, वर्तमानपत्रं त्याला स्त्रीमुक्तीचं पाऊल म्हणून छापतात, आणि मागे तंबाखू कंपनी असते, हे वाचकाला कळत नाही. ही गोष्ट सांगताना सगळे बर्नेजच्या बुद्धीची तारीफ तरी करतात, नाहीतर निंदा तरी. आमचं लक्ष दुसरीकडे जातं. त्या दिवशी रस्त्यावर बोललं कोण? बर्था हंट. ही बर्नेजची सेक्रेटरी. मुलींना बोलावणारी तार तिच्या नावाने गेली, आणि बातमीदारांना तिने कारण सांगितलं ते स्वतःच्या आयुष्यातलं म्हणून. रस्त्यात बरोबरच्या पुरुषाने सिगरेट विझवायला सांगितली, तेव्हा हे सुचलं, असं. मालकाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. कचेरीतल्या खालच्या खुर्चीवरच्या बाईच्या तोंडून सगळं वदवलं. बर्नेजने पुढे आत्मचरित्र लिहिलं, शंभरी ओलांडली, १९९५ साली गेला. बर्था हंटला त्या वाक्याबद्दल काय वाटलं, हे कुणी विचारल्याचं आमच्या वाचनात नाही. आमच्या मैत्रिणीची ही वंशावळ. एकीने दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं म्हणून बोललं, दुसरीने स्वतःचं वाक्य दुसऱ्याचं म्हणून लिहिलं.

या सगळ्याची किंमत कशी काढतात तेही सांगतो. बातमी छापून आली की इंटर्न कात्री आणि फूटपट्टी घेऊन बसतो. रुंदी, उंची, त्याला त्या पानाचा जाहिरातीचा दर. येणारा आकडा म्हणजे गिऱ्हाइकाचे वाचलेले पैसे. आमच्याकडे त्याला वर तीनने गुणायचे, कारण बातमीवर लोक जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात म्हणे. २०१० साली बार्सिलोनात या व्यवसायातल्याच लोकांनी ठरवलं, की असा हिशेब म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे. त्यानंतरही फूटपट्ट्या चालूच राहिल्या. पण समीक्षक म्हणून आम्हाला तो तीन आकडा फार बोलका वाटतो. तो तिप्पट भाव कशाचा? वाचकाला ही जाहिरात आहे हे कळलं नाही, याचा. सांगलीच्या त्या वहीत चिकटवलेलं कात्रण आमच्या डॉकेटमध्येही होतं. तिथे त्याला भाव कमीच आला, कारण मराठी पेपरांचे दर कमी. इंग्रजी कात्रणं पुढे, आपली मागे, ‘रीजनल’ लिहिलेल्या रंगीत कागदाच्या पलीकडे.

मग जाऊच नये का तिथे? आम्ही असं म्हणणार नाही. आमच्या चौघांपैकी दोघं अजून त्या व्यवसायात आहेत. एकाने रुग्णालयासाठी काम करताना रक्तपेढीच्या तुटवड्याची साधी, नेमकी नोट काढली, आणि तिच्यामुळे रक्तदाते आले. प्रेसनोटमध्ये हेही बसतं. तारीख, ठिकाण, कोण, किती, फोन नंबर. अशा नोटेत कर्ता कुठेही उठून जात नाही, आणि कोट तर लागतच नाही. आणि घरभाडं भरायचं असतं हो. पंधरा वर्षांनी, २०२४ साली, राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरवले. आमचे सहा हजार मग फार कमी म्हणवत नाहीत. एवढ्या पैशात घरापासून दूर राहणाऱ्या पोराला ‘हे वाक्य मी लिहिणार नाही’ असं सांगायचा सल्ला व्यासपीठावरून देणं सोपं आहे, म्हणून आम्ही देत नाही.

आमची तक्रार आहे ती आमच्या विभागांशी. मराठीच्या वर्गात आम्ही ओवी वाचायला शिकलो, नवकथेतला निवेदक विश्वसनीय आहे की नाही यावर वीस गुणांचं उत्तर लिहिलं. आणि जे गद्य आम्हाला पोसणार होतं ते आमच्यासमोर एकदाही ठेवलं गेलं नाही. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात प्रेसनोट असते, पण लिहायला असते. नमुना तयार करा, दहा गुण. वाचायला नसते. एक छापील प्रेसनोट द्यावी आणि विचारावं, यातले कर्ते शोधा, यातलं अवतरण कुणी लिहिलं असेल, यात कोणता आकडा असायला हवा होता. एवढा एक प्रश्न जरी प्रश्नपत्रिकेत असता, तरी आमच्या मैत्रिणीने तो कोट लिहिलाच असता, हे आम्हाला माहीत आहे. फक्त बातमीदाराचा फोन यायच्या आधी तिने स्वतःच वरिष्ठांना विचारलं असतं, की किती जण?

वेळ झाली. एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो आणि थांबतो. ‘माझी मुलगी सोमवारपासून अशाच संस्थेत रुजू होते आहे. तिला काय सांगू?’

तिला सांगा, डेस्कला फोन सहाच्या आत कर. डबा घेऊन जा, तिकडे खाणं महाग आहे. आणि पहिली बातमी छापून आली, की ती तुम्हाला पेपर दाखवेल. तेव्हा साहेबांचं कौतुक करू नका. तिला विचारा, यातलं तुझं वाक्य कोणतं?